सहाव्या बाटलीतलं तेल

मनकर्णाबाईच्या घाण्यावर तेल घ्यायला गेलात, तर आधी तळहात पुढे करावा लागतो. ती त्यावर दोन थेंब टाकते आणि म्हणते, "चोळा. वास घ्या. मंग बोला." ज्याला वास घ्यायचा नाही त्याला ती तेल देत नाही. एकदा आदिलाबादचे एक मोठे साहेब घाईत होते, गाडीतून खाली उतरायला तयार नव्हते. त्यांना तिनं तसंच वाटेला लावलं. मी तेव्हा तिथेच उभा होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही, कारण त्याच साहेबांच्या टेबलावर माझ्या दुकानाचा एक कागद महिनाभर अडकून पडला होता.

मी देवानंद. बेल्याच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे. मनकर्णाबाईचं करडीचं तेल माझ्या दुकानातून विकलं जातं, त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द सांगायचा हक्क आपला आहे असं मी समजतो. ती तसं समजत नाही. "देवानंदभाऊ एका गोष्टीत तीन गोष्टी मिसळते," असं ती माझ्या तोंडावर सांगते, आणि ती तेल विकणारी बाई असल्यामुळे हा टोमणा मला जरा जास्तच झोंबतो. आज मात्र मी काहीही मिसळणार नाही.

ती मूळची नदीपलीकडची. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र, पण सोयरिकी जुळवताना नदीला कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या वर्षी पांढरगोट्याहून ती चंपतरावांच्या घरात आली, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. चंपतराव कापूसवाले. दिवसातून दहा शब्द बोलतात, त्यातले सहा बैलांशी. लग्नानंतर दुसऱ्याच हंगामात या बाईनं त्यांच्याकडे दोन एकर करडीसाठी मागितले. आमच्याकडे करडी पेरायला कोणी राजी नसतं, कारण तिचे काटे. अंगभर काटे असलेलं ते झाड कापायचं म्हणजे हाताला फडकी गुंडाळून पहाटे दवात जावं लागतं, काटे ओले होऊन नरम असतात तेव्हाच. ऊन चढलं की झाड तुम्हाला शेताबाहेर हाकलतं. चंपतरावांनी दोन एकर दिले. मी त्यांना कारण विचारलं होतं. "मागतले तिनं," एवढंच ते म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी तिनं मोटारीवर चालणारा लाकडी घाणा बसवला आणि बायकांच्या संगममधल्या, म्हणजे बचत गटातल्या, अकरा जणींना करडी पेरायला लावलं. कसं लावलं ते विचारू नका. एकेकीच्या घरी जाऊन तिनं स्वतःच्या तेलात भजी तळून खाऊ घातली. भजी खाल्ल्यावर नाही म्हणणं आपल्या लोकांना जमत नाही. पुढे हैदराबादच्या एका दुकानानं तिचं तेल घ्यायला सुरुवात केली. त्या दुकानाची रीत अशी, की बाटलीवर तेल काढणाऱ्याचं आणि गावाचं नाव छापायचं. पहिली छापील बाटली आली तेव्हा अकराही जणी ती हातोहात फिरवून बघत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

यंदा वैशाखात मात्र विघ्न आलं. हैदराबादच्या कुणा गिऱ्हाइकानं मोबाइलवर लिहिलं, की हे बेल्याचं तेल नव्हेच, बाहेरचं कारखान्याचं तेल गावाचं नाव लावून विकतात. मग दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं. खरेदी बघणारा हर्षदीप नावाचा तरुण स्वतः आला. त्यानं पाच सीलबंद पिपे परत आणले, घाण्यावर उतरवले आणि हिंदीत अगदी अदबीनं सांगितलं, की तेल इथल्याच करडीचं आहे हे सिद्ध होईपर्यंत बाटलीवर गावाचं नाव छापता येणार नाही, आणि सिद्ध झालं नाही तर व्यवहार कायमचा बंद.

अदबीनं सांगितलेली गोष्ट जास्त लागते. मनकर्णाबाईचा तीळपापड झाला. "माह्या तेलात बाहेरचं तेल? नऊ वर्सात म्या पान्याचा थेंब जास्त जाऊ देला नाई," ती म्हणत राहिली. पण अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि तिला हे कळत होतं, की तिनं घरोघर भजी तळून ज्यांना काट्यात उतरवलं त्यांच्या नावालाही आता बट्टा लागतोय. त्या आठवड्यात घाणा चालू असूनही मला तो बंद असल्यासारखा वाटायचा, कारण तिची बडबड ऐकू येत नव्हती.

उपाय सापडला तो दामिनीमुळे. ही आदिलाबादच्या भाजीवाल्या घरची मुलगी, हैदराबादला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. दोन वर्षं ती नदीच्या दोन्ही काठांवर फिरून शेताशेतातून करडीचं बी आणि माती गोळा करत होती, तेव्हा माझ्या दुकानात चहाला थांबायची. मी फोन केला. तिनं हर्षदीपशी बोलून घेतलं, तिच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्याला मान्य होता. चार दिवसांनी ती घाण्यावर हजर झाली.

"मावशी, झाड जिथं उगवतं तिथलं पाणी पितं, तिथल्या मातीतले क्षार उचलतं," ती सांगत होती. "काळ्या मातीचे वेगळे, चुनखडीचे वेगळे. त्याचा अगदी बारीक अंश तेलात उतरतो. आपल्याला दिसत नाही, पण मशीनला मोजता येतो. मी जमवलेल्या शेतांच्या मोजमापांशी तुमचं तेल ताडून बघायचं, की झालं. परदेशात ऑलिव्हच्या तेलाची अशीच पारख करतात. कोणत्या देशाचं, कोणत्या डोंगराकडचं, सगळं सांगतात."

"ऑलिव्ह म्हंजे कोनतं वं?"

"जैतून," मी मध्येच ज्ञान पाजळलं. माझ्या दुकानात बाळाच्या मालिशसाठी त्याच्या छोट्या डब्या असतात.

मनकर्णाबाईनं थोडा विचार केला. "म्हंजे तुही मशीन वास घेते."

"तसंच समजा, मावशी."

"मंग घेऊ दे. वास घेतल्याबिगर तेल नेऊच नाई कोनी."

दामिनीनं सहा बाटल्या आणल्या होत्या, गडद तपकिरी काचेच्या, थर्माकोलच्या खोक्यात खोचलेल्या, नुसती झाकणं वर दिसत होती. हर्षदीपच्या देखत एकेका पिपाचं सील तोडून तिनं पाच बाटल्या भरल्या आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून सह्या घेतल्या. सहावी तशीच ठेवली. "ही रिकामीच न्यायची आणि रिकामीच तपासायची. बाटलीतून किंवा हाताळण्यातून काही बाहेरचं मिसळत नाही ना, ते हिच्यावरून कळतं," असं ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर रिकामी बाटली तपासून काय मिळणार, हे माझ्याही डोक्यात शिरलं नव्हतं, पण माना डोलावणं सोपं असतं. हर्षदीप निघून गेला. दामिनी शेजारच्या दोन शेतांतली माती घ्यायला गेली आणि खोकं तासभर मनकर्णाबाईच्या स्वयंपाकघरात राहिलं. परतल्यावर तिचं जेवण झालं, तिला कुंकू लागलं, खण मिळाला आणि खोकं घेऊन ती बसमध्ये बसली.

पंधरा दिवसांनी हर्षदीपनं मला फोनवर रिपोर्ट पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली. पाच नमुने बेल्याच्या काळ्या मातीतल्या करडीचे, सहावा बाहेरचा. रिकाम्या बाटलीत बाहेरचं तेल आलं म्हणजे तुमच्या घाण्यावर बाहेरचं तेल असतंच, आता बोलायला काय उरलं, असं त्याचं म्हणणं. दामिनी तेव्हा परगावी होती. तिच्या जागी काम बघणाऱ्यानं बाटल्या नंबराप्रमाणे तपासल्या होत्या, आणि सहावीत तेल दिसल्यावर ती रिकामी असायला हवी होती हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी घाण्यावर धावलो. हर्षदीपची ती ओळ वाचून दाखवली. मनकर्णाबाई घाण्यातली ढेप, म्हणजे पेंड, गोळा करत होती, ती तशीच खाली बसली.

"भाऊ, सहावीत तेल म्या टाकलं."

"काऊन?"

"रिकामं भांडं परत पाठवाव का कोनाच्या घरी? पयल्यांदा आलेली लेक, एवढं सामान घेऊन आली. पाच भरले अन् एक रिकामं. मले ते बरं वाटे ना."

मला हसावं की रडावं ते कळेना. ही रीत माझ्या घरीही आहे. शेजारणीकडून भाजीची वाटी आली की धुऊन परत देताना चिमूटभर साखर का होईना, घालायचीच. माझ्या आईनं तर एकदा टपालवाल्याची पिशवी रिकामी जाऊ नये म्हणून त्यात चार वांगी टाकली होती. पण इथे अकरा घरांचं नाव पणाला लागलं होतं.

"अन् तेल कोनतं टाकलं? इथलं असतं तं इथलंच निघालं असतं."

"इथलं कशाले? इथलं तं तिनं पाच बाटल्या भरून नेलंच होतं. भेट द्यायची तं येगळं पायजे ना. माह्या भावानं पांढरगोट्याहून बरनी पाठवली होती, देवाच्या दिव्याची. त्यातलं टाकलं."

आता माझी चूक सांगतो, कारण तिची सांगितली. मी तिला गप्प राहायचा सल्ला दिला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो. "बाटलीत तेल कसं आलं ते आपल्याले मालूम नाई, एवढंच म्हना. प्रयोगशाळेत गडबड झाली असंन. नमुन्यात हात घातला म्हनून सांगतलं तं बाकीच्या पाचावरही कोनी इस्वास ठेवनार नाई. तेलही जाईन अन् तूपही."

ती उठून पुन्हा ढेप गोळा करू लागली. मला वाटलं, पटलं.

दामिनी परत आल्यावर तिनंच सगळ्यांना बोलावलं. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या सभांसाठी सरकारनं हॉल बांधलेत, रैतु वेदिका म्हणतात, तिथे आम्ही जमलो. अकराही जणी आल्या, चंपतराव दाराशी टेकून उभे राहिले, हर्षदीप कागदांची फाईल घेऊन पुढे बसला. दामिनीचा चेहरा उतरलेला होता. तिनं सरळ विचारलं, "सहावी बाटली रिकामी होती. ती भरलेली पोचली. म्हणजे कोणीतरी खोकं उघडलं. मला ते कळल्याशिवाय हा रिपोर्ट खराही म्हणता येत नाही आणि खोटाही."

मी जमिनीकडे बघू लागलो. शेजारी हालचाल झाली. मनकर्णाबाई उभी राहिली होती.

"म्या भरली," ती म्हणाली. "तुह्या खोक्यात एक भांडं रिकामं जाऊन राह्यलं होतं, मले पटलं नाई. तुले भेट म्हनून टाकलं. चोरून नाई टाकलं, पन सांगतलं बी नाई. चूक माही हाय, ह्या बायांची नाई. माहं नाव काढा बाटलीवरून, पन यायच्या करडीले बाहेरची म्हनू नका."

हर्षदीपनं फाईल मिटली आणि नमुन्यात हात घातल्याचं तुम्हीच कबूल करता, मग मी तरी काय करणार, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

दामिनी मात्र तिच्याकडे बघत राहिली होती. तिनं हळूच विचारलं, "मावशी, ते तेल कुठलं होतं?"

"पांढरगोट्याचं. माह्या माहेरचं."

"हर्षदीपजी, फाईल बंद नका करू," दामिनी म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळाच होता. "हा रिपोर्ट दहा दिवसांपासून तुमच्याजवळ आहे. शेवटचं पान काढा. सहाव्या नमुन्याच्या खाली काय लिहिलंय ते वाचा."

त्यानं पान काढलं. बाहेरचा, हा शब्द बघून त्यानं पुढचं वाचलंच नव्हतं. आपणही असंच करतो, आपल्याला हवं ते दिसलं की चष्मा काढतो. त्यानं वाचलं, सहावा नमुना नदीपलीकडच्या चुनखडीच्या पट्ट्यातला, एकवीस आणि बावीस नंबरच्या शेतांशी सर्वात जास्त जुळणारा.

"आता शेतांची यादी. बावीस नंबर."

त्यानं यादीवरून बोट खाली नेलं आणि आपल्या हैदराबादी जिभेनं अडखळत वाचलं, "पां... ढर... गोटा."

मागून एकीनं खुदकन हसून म्हटलं, "माय वं, मशीनीनं बाईचं माहेर धुंडलं." आणि त्या अकराजणी जे हसत सुटल्या ते थांबेचनात. एकीनं पदर तोंडात कोंबला, एक जण खाली बसली. मनकर्णाबाई आधी भांबावली, मग तीही हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. हर्षदीप यादी आणि पान आळीपाळीनं बघत होता. कोणी काही कबूल करण्याआधी, कोणी गावाचं नाव काढण्याआधी मशीननं तेल ओळखलं होतं. दिव्याच्या बरणीतलं चार चमचे तेल जर ती नदीपलीकडचं म्हणून ओळखत असेल, तर बाकीचे पाच नमुने इथले म्हणणारी तिची साक्ष कोण नाकारणार? शेवटी तोही हसला आणि त्यानं मनकर्णाबाईपुढे हात जोडले.

दामिनी मात्र शिस्तीची. रिकामी बाटली भरली गेली म्हणून तिनं तो रिपोर्ट बाद केला आणि सगळं पुन्हा करायचं ठरवलं. मी कुरकुरलो, पण तिचं बरोबर होतं. पुन्हा पाच बाटल्या भरल्या, सहावी तिनं शेवटपर्यंत काखेतून सोडली नाही, आणि भेटीचं तेल वेगळ्या बरणीत घेतलं. तीन आठवड्यांनी नवा रिपोर्ट आला. पाचही नमुने बेल्याच्या काळ्या मातीचे, सहावी बाटली स्वच्छ. बाटल्यांवर गावाचं नाव पुन्हा छापलं जाऊ लागलं. मोबाइलवर ज्यानं पहिल्यांदा लिहिलं होतं त्यानं आपलं लिखाण काढून टाकलं. माफी मागितली नाही, पण तेल मागवलं. मनकर्णाबाईच्या मते हेच पुरेसं होतं.

दामिनीनं नवा रिपोर्ट आणून दिला त्या दिवशी ती जुना बाद झालेला फाडायला निघाली होती. मनकर्णाबाईनं तिच्या हातातून तो घेतला, त्यातलं शेवटचं पान काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आली.

"भाऊ, याले प्लास्टिक लावून द्या."

मी पान बघितलं. "बाई, हा तं बाद कागद हाय. नव्या रिपोर्टाले लावा. त्यात तुमचं तेल खरं ठरलं."

"त्याले बी लावा, तो घान्यावर टांगतो. हा माह्यासाठी."

दुकानात किराण्याच्या जोडीला लॅमिनेशनची मशीनही आहे, ती मी गरम करायला ठेवली. ती काउंटरवर कोपर टेकून उभी होती, कागदावरच्या इंग्रजी अक्षरांकडे बघत. तिला त्यातलं एकच नाव ओळखता येत होतं, दामिनीनं बावीस या आकड्याशेजारी पेनानं मराठीत लिहून दिलेलं.

"बत्तीस वर्सं झाले," ती म्हणाली. "घर ह्यायच्या नावावर हाय, शेत ह्यायच्या नावावर. आधार कार्डावर बी इथलंच गाव. मी पांढरगोट्याची हाय, हे कोन्याच कागदावर नाई लिवलं आजवर."

मी पान मशीनमध्ये सरकवलं. ते दुसऱ्या बाजूनं गरम होऊन बाहेर आलं, तसं तिनं ते गार व्हायची वाटही न बघता दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.